माथेरानची गाडी आणि डोक्यावरची पाटी

माथेरानची गाडी बंद पडली, अशी बातमी आमच्या रायगड जिल्ह्यात दर काही वर्षांनी येते. गाडी पुन्हा सुरू झाली, अशीही येते. ही दुसरी बातमी आली की वर्तमानपत्रांत झेंडूच्या माळा घातलेल्या इंजिनाचे छायाचित्र दिसते, खिडकीतून हात हलवणारी मुंबईची मुले दिसतात, आणि आपण शेतकरी माणसे पान उलटून बाजारभावाकडे वळतो. हौशी लोकांची गाडी ती, आपल्याला तिचे काय, असे वाटणे साहजिक आहे. पनवेल, कर्जत आणि खालापूर या तीन तालुक्यांत कृषी खात्याच्या नोकरीत माझी उमेदीची वर्षे गेली. दापोलीहून बी.एस्सी. होऊन आलो तेव्हा मीही त्या गाडीकडे खेळणे म्हणूनच पाहत होतो. पुढे डोंगरातल्या वाड्यांवर पायपीट सुरू झाली, आणि आता त्या गाडीच्या चालू-बंद होण्याचा हिशोब मी वालाच्या शेंगांनी भरलेल्या पाटीवर मांडतो.

ज्यांनी माथेरान पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कर्जत तालुक्यात समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, सपाट माथ्याचा आणि दाट रानाने झाकलेला हा डोंगर आहे. १८५० साली ठाण्याचा तेव्हाचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेला आणि त्याने माथेरानचा ‘शोध लावला’, असे पुस्तकात लिहितात. आमच्या ठाकर मंडळींना त्या डोंगराच्या साऱ्या वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होत्या, पण पुस्तकात नाव जायला कलेक्टर व्हावे लागते. असो. माथेरानची खासियत ही, की गावात मोटार चालत नाही. नेरळहून निघालेली टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत जाते आणि तिथे थांबते. तिथून गावात जायला अडीच-तीन किलोमीटरची वाट. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरानचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे मोटारबंदी आणखी पक्की झाली. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर काही ई-रिक्षा आल्या. त्याआधी रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर त्या वाटेवर घोड्याचे पाय, माणसाचे पाय आणि माणसाने ओढलेल्या गाड्या, एवढेच होते.

गावची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत होती. म्हणजे आपल्याकडचे एखादे मोठे गाव. पण ते गाव पिकवत काहीच नाही. वर भातखाचर नाही, मळा नाही. तांदूळ, पीठ, कांदा-बटाटा, दूध, गॅसचे सिलिंडर, सिमेंटची गोणी, शाळेतल्या मुलांच्या वह्या, सारे खालून वर जाते. शिवाय सुटीच्या दिवशी हॉटेलांत उतरणारे पाहुणे, त्यांचे दोन वेळचे जेवण. एकदा आमच्या सौभाग्यवती माझ्याबरोबर आल्या होत्या. बाजारात त्यांनी कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू तो भाव मीच ठरवला होता. दुकानदार सरळ माणूस होता. म्हणाला, “वहिनी, जुडी स्वस्तच आहे. तिची वाट महाग आहे.”

ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. आपल्या शेतातून पक्क्या रस्त्यापर्यंतचे अंतर ज्याने भाताचे भारे डोक्यावर घेऊन कापले आहे, त्याला ठाऊक असते की रस्त्यावरून मार्केटपर्यंतचे तीस-चाळीस किलोमीटर त्या मानाने हलके जातात. ट्रक, टेम्पो, एस.टी.चा टप, काहीतरी मिळते. मेख असते ती शेवटच्या तुकड्यात. तिथे चाक जात नाही, तिथे माणसाची मान लागते. माथेरानात हा शेवटचा तुकडा दस्तुरी ते बाजारपेठ असा तीन किलोमीटरचा आहे, आणि त्या तुकड्यावर मान मोडून न घेता ओझे नेणारी एकच वस्तू शंभर वर्षांपासून आहे, ती म्हणजे ही दोन फुटी रुळांवरची गाडी.

गाडी बांधली ती मुंबईच्या एका व्यापारी घराण्याने. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम उभे केले. १९०४ साली काम सुरू झाले आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली. त्या काळच्या सोळा लाख रुपयांचा हा खर्च. सल्ला होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा. सोलापूरकडच्या वाचकांना हे नाव परके वाटू नये, कारण बार्शी लाइट रेल्वे त्यांनीच उभी केली होती. नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग. जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही मधली स्थानके. दोनशेवर वळणे आणि एकच बोगदा. त्या बोगद्याला इंग्रजांनी एक चावट नाव ठेवले आहे, ते घरात वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात छापण्याजोगे नाही. चढ मात्र चेष्टेचा नाही. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की एक फूट वर, इतका. म्हणून गाडी माणसाने जोरात पळावे इतक्याच वेगाने चालते आणि नेरळ ते माथेरान दोन तासांहून अधिक वेळ घेते. २०१२ साली त्यात एक सोय झाली. दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून माथेरानपर्यंत छोटी गाडी दिवसातून अनेकदा ये-जा करू लागली. तिला सगळे शटल म्हणतात. फोटो निघतात ते नेरळच्या गाडीचे. माथेरानच्या चुलीला उपयोग आहे तो शटलचा, कारण माणसांबरोबर सामानही त्यातून जाते आणि नेमका तो शेवटचा तुकडा तीच उचलते.

आता पनवेलच्या बाजूचे सांगतो, कारण ते कुणी लिहीत नाही. माथेरानचा डोंगर पनवेल तालुक्यातूनही दिसतो. देहरंग धरणाच्या पलीकडे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी धोदाणी आहे. पनवेलहून बस तिथपर्यंत जाते, पुढे डांबर संपते आणि पायवाट डोंगराला लागते. ती थेट माथेरानच्या सनसेट पॉइंटवर निघते. संध्याकाळी सूर्यास्त पाहायला जमलेली मंडळी तिथे उभी असतात, त्यांच्या पायाखालच्या कड्यातून बायका रिकाम्या पाट्या घेऊन घरी उतरत असतात. या बाजूला रूळ नाहीत, टॅक्सी नाही, काहीच नाही. ज्या पनवेल तालुक्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाची ही गोष्ट आहे.

२०१७ च्या जानेवारीत मी त्या वाटेने एका ठाकर मावशीबरोबर चढलो. त्या भागातल्या बायकांचा भाजीपाल्याचा गट उभा करावा असा विचार चालला होता, आणि माल कुठे विकला जातो ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागद करायचा नाही, ही माझी जुनी सवय. मावशींची पाटी निघण्यापूर्वी मी काट्यावर ठेवून पाहिली. अठरा किलो भरली. भातानंतरच्या ओलीवर घेतलेल्या वालाच्या शेंगा, थोडी वांगी आणि गवतात गुंडाळलेली गावठी अंडी. पहाटे साडेपाचला निघालो. माझ्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली आणि डबा होता. तरी तिसऱ्या चढावर मी बसलो आणि मावशी उभ्या राहिल्या. पाटी उतरवली तर पुन्हा चढवायला दुसरे माणूस लागते, म्हणून त्या उभ्यानेच विसावा घेतात. मी विचारले, “मावशी, रोज येता?”

“रोज कशाला साहेब? आठवड्यात तीन डाव. आधी रोज येत हुतो.”

“मग आता?”

“आता गाडी बंद हाय ना. गाडी नाय म्हंजे माणूस नाय. माणूस नाय तर शेंगा कोन घेनार? हाटेलवाला म्हनतो परवा ये.”

मी थोडा चक्रावलो. ही बाई ज्या बाजूने डोंगर चढते तिथून गाडी दहा कोस लांब. तिने जन्मात गाडीने माल नेला नव्हता. तरी गाडी बंद पडल्याचा फटका तिच्या पाटीला बसला होता. मे २०१६ मध्ये गाडी दोनदा रुळांवरून घसरली आणि सुरक्षिततेसाठी ती थांबवण्यात आली होती. त्याबरोबर शटलही थांबले. म्हातारी माणसे, लहान मुलांची कुटुंबे, गुडघे दुखणाऱ्या बायका, यांनी माथेरानचा बेत सोडून दुसरीकडचा धरला. हॉटेलाचे जेवण कमी झाले, आणि त्या कमी झालेल्या ताटांतली भाजी म्हणजे मावशींच्या पाटीतल्या शेंगा. त्या दिवशी बाजारात बसून त्यांनी दुपारी तीनपर्यंत वाट पाहिली. उरलेल्या शेंगा एका खानावळीला पडत्या भावात देऊन टाकल्या. परत घेऊन उतरणे परवडत नव्हते. उतारावर गुडघ्यांना ओझे जास्त लागते, हे त्यांनीच मला सांगितले.

गाडी तशी तीनदा मोठ्या काळासाठी बंद पडली. पहिल्यांदा २६ जुलै २००५ च्या पावसात. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडल्याची नोंद आहे, आणि आमच्या बाजूच्या डोंगरांनी काय सोसले ते महाड-पोलादपूरच्या लोकांना विचारावे. माथेरानचा लोहमार्ग जागोजागी वाहून गेला. तो मार्च २००७ मध्ये, गाडीला शंभर वर्षे पुरी होण्याच्या सुमाराला, पुन्हा सुरू झाला. दुसरी खेप वर सांगितलेली, २०१६ ची. ऑक्टोबर २०१७ मध्ये शटल आणि जानेवारी २०१८ मध्ये नेरळची गाडी सुरू झाली. दीड पावसाळा जातो न जातो तो २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग तोडला. त्या वेळी शटल डिसेंबरात सुरू झाले, पुढे टाळेबंदीत थांबले आणि २०२० च्या नोव्हेंबरात पुन्हा धावू लागले. नेरळपासूनची गाडी यायला मात्र २२ ऑक्टोबर २०२२ उजाडला.

या मोडतोडीकडे मी मृदसंधारणवाल्याच्या नजरेने पाहतो, त्याला इलाज नाही. माथेरानला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगराच्या कुशीतून कोरून काढलेला लोहमार्ग म्हणजे एक लांबलचक चर असतो. आपण समतल चर काढतो तेव्हा तो पातळीत ठेवतो, म्हणजे पाणी जागेवर मुरते. रेल्वेला तसे करता येत नाही, तिला चढायचे असते. त्यामुळे वरून आलेले पाणी रुळांच्या कडेने धावत सुटते, मोरी गाठते, आणि मोरी पालापाचोळ्याने व गोट्यांनी चोंदलेली असली की रुळांवरूनच उडी मारते. आधी खडी जाते, मग खडीखालची माती, आणि मग रूळ हवेत लोंबकळतात. आपल्या शेताचा बांध फुटतो तो याच क्रमाने. आधी एका उंदराच्या बिळाएवढी जागा आणि सकाळी पाहावे तो पाच हातांचे भगदाड. २०१९ नंतरच्या दुरुस्तीत दरडीच्या कडेला लोखंडी जाळीत दगड भरून भिंती रचल्या आहेत. गाडीतून त्या दिसतात. आपल्या नाल्यावरचा गॅबियन बंधारा तो हाच. पाणी आरपार जाऊ द्यायचे आणि माती धरून ठेवायची. सिमेंटची भिंत पाण्याशी भांडते आणि कोसळते, जाळीतला दगड थोडा सरकून बसतो. पाणलोटाच्या कामात आम्ही गावोगाव हेच सांगत फिरलो. तेव्हा लोक म्हणत, साहेब, सुट्या दगडांनी काय होणार? त्यांना एकदा या गाडीत बसवून न्यावे.

२०२२ च्या नोव्हेंबरात मी मुद्दाम नेरळहून वर गेलो. माझ्या डब्यात ठाण्याचे एक वृद्ध जोडपे होते. आजींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि दस्तुरीहून चालणे किंवा घोड्यावर बसणे त्यांना शक्य नव्हते. सात वर्षांनी माथेरान पाहते आहे, असे म्हणाल्या. त्यांच्यासारखी आणखी दोन-तीन कुटुंबे होती. वर बाजारात खानावळींच्या बाहेर पाट्या लागल्या होत्या आणि मला ओळखीची तोंडे दिसली. धोदाणीच्या दोघी कोपऱ्यावर काकड्या आणि आवळे घेऊन बसल्या होत्या. स्टेशन बाजारपेठेतच आहे. गाडीची शिट्टी झाली की त्या पदर सावरून पुढे सरकतात, कारण पहिल्या दहा मिनिटांत जे खपते तेच खरे.

पण गाडी आली म्हणजे सगळ्यांचे भले झाले, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. त्याच दिवशी परतताना मी दस्तुरीपर्यंत चालत गेलो. एका घोडेवाल्याशी बोललो. माथेरानात परवान्याचे चारशेच्या वर घोडे आहेत. तो म्हणाला, “गाडी पाहिजेच साहेब. ती नसली तर गिऱ्हाईक डोंगराकडे फिरकत नाही. पण शटलमध्ये जो बसला तो माझ्या घोड्यावर बसत नाही. घोड्याला हरभरा रोज लागतो, त्याला गाडीचा टाइमटेबल कळत नाही.” सामान वाहणाऱ्या बायका तिथे रांगेत उभ्या होत्या. दोन बॅगा डोक्यावर, एक खांद्याला, असे त्या तीन किलोमीटर जातात. त्यांतल्या बऱ्याच जणी आसलवाडी, बेकरेवाडी अशा डोंगरातल्या वाड्यांवरून येतात. शटलने बॅग नेली की त्यांचीही एक खेप जाते. त्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरावे असे मला वाटते, पण ओझ्याबरोबर रोजही उतरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांवर पुनर्वसन करायला सांगितले. आदेश योग्यच आहे. माणसाने माणसाला ओढणे हे केव्हाच संपायला हवे होते. मात्र डोक्यावर बॅग वाहणाऱ्या बाईला कोणती रिक्षा मिळणार, याचा विचार अजून कुणी मांडलेला मी ऐकला नाही.

गाडी तोट्यात चालते, हे आणखी एक नेहमीचे बोलणे. तिकिटाचे उत्पन्न एका बाजूला आणि डोंगर सावरण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला मांडला तर तोटाच दिसणार. पण हिशोबाची वही कुणाची, हे पाहायला हवे. या बाबतीत ब्रिटनमधले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिथे १९६३ साली रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांनी असाच हिशोब मांडला आणि दोन हजारांवर लहान स्थानके बंद करावीत, अशी शिफारस केली. त्या दशकात गावोगावची स्थानके बंद होत गेली. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी लीवन नावाचे लहानसे गाव आहे. कोळशाच्या खाणींचा तो मुलूख. १९६९ साली तिथली प्रवासी गाडी थांबली. पुढे खाणीही बंद झाल्या. एडिंबरो शहर खाडीपलीकडे जवळच, पण पोरांना तिथे कामाला जायचे तर बस बदलत जायचे. गावच्या लोकांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, आणि जून २०२४ मध्ये, तब्बल पंचावन्न वर्षांनी, गाडी पुन्हा लीवनला आली. आठ-एक किलोमीटरच्या त्या फाट्यासाठी अकरा कोटी पौंडांवर खर्च झाला. बंद करताना वाचलेला पैसा मोजणाऱ्यांनी हा पुढचा खर्च धरला नव्हता. ज्या मुलाने १९६९ मध्ये शेवटची गाडी पाहिली असेल, तो नवी गाडी पाहायला नातवाचा हात धरून गेला असेल. माथेरानला पंचावन्न वर्षे थांबता आले नसते. लीवनला निदान मोटारीचा रस्ता होता.

आता आपल्या कामाचे. नेरळची गाडी दरवर्षी पावसाळ्यात बंद असते, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. डोंगर ओला असताना ती चालवणे धोक्याचे. शटल मात्र पावसातही चालते. आणि आपल्या वाड्यांवरचा भाजीपाला नेमका येतो तो पावसाळ्यात. मांडवावरची शिराळी, काकडी, कारली, पडवळ, सारे ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे पीक भरात असते तेव्हा वर गिऱ्हाईक पातळ, आणि दिवाळीपासून मेपर्यंत गिऱ्हाईक दाट असते तेव्हा वाडीवर वाल आणि थोडी वांगी सोडली तर काही नाही. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, कैऱ्या निघतात, तो रानमेवा रानाचा; त्यात आपण केलेली शेती नाही. गाडीच्या वेळापत्रकाला पिकाचे वेळापत्रक जुळवायचे, असे आम्ही गटाच्या बैठकीत ठरवले. ऐकायला सोपे वाटते. भात कापल्यावर ओढ्यात अजून पाणी वाहत असते तेव्हा रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घातले. दोन पाण्यांची जागा तीन-चार पाण्यांवर गेली. वालाबरोबर मुळा, मेथी, माठ, कोथिंबीर घ्यायला सांगितले. पालेभाजी का, तर ती हलकी. अठरा किलो वांग्यांपेक्षा सहा किलो कोथिंबीर डोक्यावर सुखाने जाते आणि पैसे तेवढेच, कधी जास्तही देते. ज्या वहिनींच्या तोंडून कोथिंबिरीचा भाव निघाला होता, त्यांना हे श्रेय मी घरात देऊन टाकले आहे.

कर्जतच्या बाजूच्या वाड्यांना यात एक फायदा मिळाला. त्या आपला माल टॅक्सीने दस्तुरीपर्यंत आणतात आणि तिथून शटलमध्ये टाकतात. आधी हातगाडीला किंवा घोड्याला जे द्यावे लागे, त्याच्या मानाने भाडे थोडके. मान मोकळी राहते आणि बाई बाजारात ताजी उतरते. ताजी उतरलेली बाई भावही नेटाने धरते, हे मी पाहिले आहे. थकलेल्या माणसाला घासाघीस करवत नाही, तो म्हणतो, द्या काय द्यायचे ते. शेतमालाच्या भावात हा थकवा किती मोजला जातो, याचे गणित कृषी विद्यापीठात आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

धोदाणीच्या बाजूला तेही नाही. तिथल्या गटातल्या नऊ जणींपैकी तिघींनी पालेभाजी धरली, दोघी वालावरच राहिल्या आणि बाकीच्यांनी डोंगर सोडून पनवेलच्या बाजारात बसायला सुरुवात केली. बसने खाली, बसने वर. पनवेलला भाव कमी मिळतो, पण गुडघे शाबूत राहतात. मला यात वाईट काही दिसत नाही. ज्याचे त्याने ठरवावे. त्या वेळच्या मावशींनी मात्र माथेरान सोडले नाही. त्यांची गिऱ्हाइके ठरलेली आहेत, एका हॉटेलच्या आचाऱ्याला त्यांच्याच वालाच्या शेंगा लागतात. आता त्यांच्याबरोबर सूनबाई चढते. पाटी सुनेच्या डोक्यावर, अंड्यांची पिशवी मावशींच्या हातात.

गेल्या हिवाळ्यात पनवेलच्या एस.टी. स्थानकावर दोघी भेटल्या. सूनबाईच्या हातात मोबाईल होता. तिने त्यात शटलच्या वेळा उतरवून ठेवल्या होत्या, कुणा हॉटेलवाल्याकडून मागून. शनिवारी-रविवारी दोन फेऱ्या जास्त असतात, म्हणून त्या दिवशी पहाटे तासभर आधी निघायचे, म्हणजे पहिल्या गाडीला बाजारात हजर, असा तिचा हिशोब. मी म्हटले, “बरे केलेत. पण तासभर आधी म्हणजे अंधारात चढ, जपून जा.”

मावशी म्हणाल्या, “बत्ती हाय साहेब तिच्या मोबाईलला. तुमी आमाला येवढं सांगा, यंदा ती खालची गाडी कधीपासून येनार? मी कोथमीर त्या हिशोबानं टाकते.”

मी सांगितले, की पावसाने रूळ ठेवले तर दिवाळीच्या आगेमागे. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि सुनेला म्हणाल्या, म्हंजे आसोजाच्या सुरवातीला वाफा करायचा.